संशोधनाचें एक वर्ष
(क्राइस्टचर्च इ. स. १८९४ ते बंगळूर इ. स. १९३३)

इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत, संशोधनासह चार वर्षांचा पदवीक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्यास एका वर्षांत स्नातकोत्तर पदवी घेतां यावी, अशी योजना सुचविली आहे. पुढें इ. स. २०२२ च्या नियमांनीं विद्यापीठ अनुदान आयोगानें एम्. फिल्. ही पदवी बंद केली. अशा वेळीं, अवघ्या एका वर्षांत पदार्थविज्ञानांत किंवा यंत्रविद्येंत संशोधन तें कितीसें होणार, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. प्रश्न योग्य आहे, परंतु नवा नाहीं. तो पूर्वीं कसा उपस्थित झाला व कसा सुटला, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘परीक्षा’ हा शब्द ‘परि’ उपसर्गपूर्वक ‘ईक्ष्’ धातूपासून झाला आहे; जें समोर आहे तें सर्व बाजूंनीं पाहणें, हा त्याचा अर्थ. ‘अन्वेषण’ यांत ‘अनु’ व ‘इष्’ आहेत. जें समोर नाहीं त्याच्या मागावर जाणें, हा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी अमलाखालीं जीं विद्यापीठें निघालीं, त्यांपैकीं पुष्कळांची उभारणी पहिल्या शब्दावर झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर इ. स. १८५७ मध्यें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं; शिकविणें महाविद्यालयांनीं, आणि परीक्षा घेऊन पदवी देणें विद्यापीठानें, अशी ही वांटणी होती. न्यूझीलंडचें विद्यापीठ इ. स. १८७० मध्यें निघालें, तेंहि याच जातीचें. तेथील उत्तरपत्रिका तर जहाजानें इंग्लंडास तपासावयास जात असत. म्हणजे क्राइस्टचर्चचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी एकाच सांच्यांतून निघत होते.

या सांच्यांत संशोधनास जागा मिळाली ती बाहेरच्या एका निधीमुळें. इ. स. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत जो नफा शिल्लक राहिला, तो सांभाळणाऱ्या मंडळानें इ. स. १८९१ पासून संशोधनाच्या शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. वेतन सालीना १५० पौंड. विद्यापीठानें नांव सुचवावें, आणि उमेदवारानें स्वतंत्र शोध करण्याची पात्रता प्रत्यक्ष कामानें दाखवावी, अशी अपेक्षा असे. देशाच्या उद्योगधंद्यांस उपयोगी पडणाऱ्या शास्त्रशाखांकडे मंडळाचा विशेष ओढा होता. परीक्षेंतील गुण येथें पुरेसे पडत नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

अर्नेस्ट रदरफोर्ड याचा जन्म इ. स. १८७१ चा. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजांत इ. स. १८९३ मध्यें तो गणित व पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गांत एम्. ए. झाला. त्यानंतर शाळामास्तरची कायमची जागा मिळविण्याचे त्याचे प्रयत्न निष्फळ झाले. शिष्यवृत्तीच्या उमेदवारानें विद्यापीठांत दाखल असणें आवश्यक असल्यानें, इ. स. १८९४ मध्यें तो त्याच कॉलेजांत परत आला. बी. एस्सी.साठीं भूगर्भशास्त्र व रसायन हे विषय त्यानें घेतले. पण वर्षाचें खरें सार संशोधनांत होतें. कामाची जागा म्हणजे तळघरांतील एक थंडगार खोली. विद्यार्थी आपले झगे तेथें टांगीत असत.

त्याचा प्रश्न फार अरुंद होता: विजेची अतिशीघ्र आंदोलनें चालू असतां लोखंडांत चुंबकत्व येतें कीं नाहीं ? तें येत नाहीं, असें मानण्याकडे त्या वेळच्या कांहीं थोर पंडितांचा कल होता. रदरफोर्डनें लेडनच्या बरणींतील वीज एकदम सोडून तिच्या योगानें पोलादी सुया चुंबकित केल्या. मग सुईचा पृष्ठभाग तेजाबानें थोडथोडा विरघळवून चुंबकत्व किती खोल गेलें आहे तें मोजलें. तें आलेलें होतें, पण पातळशा बाह्य थरांतच. एका सेकंदाच्या लक्षांशाइतका कालावधि मोजणारी योजनाहि त्यानें स्वतः रचिली. प्रश्न पदार्थविज्ञानाचा आणि साधन यंत्रकाराचें, असा हा योग होता. या कामाचा निबंध न्यूझीलंड इन्स्टिट्यूटच्या कार्यवृत्तांत छापला गेला.

तरीहि शिष्यवृत्ति प्रथम त्यास मिळाली नाहीं. मॅक्लॉरिन नांवाचा दुसरा उमेदवार रसायनाचा होता. सायनाइडच्या द्रवांत सोनें कसें विरघळतें, या खाणधंद्यास निकडीच्या विषयावर त्याचें काम होतें. निवड त्याची झाली. मात्र त्यानें ती स्वीकारिली नाहीं, म्हणून ती रदरफोर्डकडे आली. इतिहासांत योग्यता आणि योगायोग यांचे धागे निराळे काढणें कठिण असतें. परंतु तें एक वर्ष पदरीं नसतें तर योगायोगासहि धरावयास कांहीं राहिलें नसतें, हें उघड आहे.

याच सुमारास केंब्रिजनें आपला नियम बदलला. इ. स. १८९५ पासून इतर विद्यापीठांच्या पदवीधरांस संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळूं लागला. दोन वर्षें राहून मान्य होण्याजोगा प्रबंध दिल्यास बी. ए. ही पदवी मिळे. संशोधनास विद्यापीठाची सर्वांत खालची पदवी मिळावी, ही विसंगति आज चमत्कारिक वाटते, परंतु पी. एच्. डी. केंब्रिजमध्यें आली ती इ. स. १९१९ सालीं. जे. जे. टॉम्सन यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत या नियमान्वयें पहिले आले ते रदरफोर्ड आणि डब्लिनचा टाउनसेंड. प्रयोगशाळेंतील कांहीं जुन्या मंडळींस हे परके नवागत रुचले नाहींत. क्राइस्टचर्चच्या चुंबकित सुयांतूनच रदरफोर्डनें विद्युल्लहरी ओळखण्याचें साधन सिद्ध केलें, आणि इ. स. १८९६ मध्यें सुमारें अर्ध्या मैलावरून आलेल्या लहरी त्यावर टिपल्या. त्याच वर्षीं टॉम्सन यांनीं त्यास क्ष-किरणांच्या कामास घेतलें. इ. स. १८९८ मध्यें तो कॅनडांत प्राध्यापक होऊन गेला.

आतां आपल्याकडील एक वर्ष पाहूं. विषय जीवरसायनाचा असला तरी मुद्दा तोच आहे. इ. स. १९३३ मध्यें मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झालेल्या कमला भागवत (पुढें सोहोनी) यांनीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें प्रवेश मागितला. संचालक सी. व्ही. रामन यांनीं, त्या स्त्री आहेत म्हणून, प्रथम नकार दिला. आग्रहानंतर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलें वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलें जाणार नाहीं, आणि संचालकांची खात्री पटल्यावरच काम मान्य होईल. श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं हें वर्ष त्यांनीं काढलें. रामन यांची खात्री पटली, आणि पुढें त्या संस्थेंत स्त्रियांस वाट मिळाली. दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवरील कामाबद्दल मुंबई विद्यापीठानें इ. स. १९३६ मध्यें त्यांस संशोधनानें एम्. एस्सी. दिली; इ. स. १९३९ मध्यें केंब्रिजची पी. एच्. डी. त्यांनीं मिळविली. त्याच केंब्रिजनें परक्या पुरुषांस इ. स. १८९५ मध्यें दार उघडलें, पण स्त्रियांस पूर्ण अधिकाराची पदवी देण्यास इ. स. १९४८ उजाडावें लागलें, हेंहि नमूद केलें पाहिजे.

दोन्ही वर्षांत साम्य आहे, तसा भेदहि आहे. एकानें तें वर्ष स्वतः मागून घेतलें; दुसरीवर तें लादलें गेलें. कामानें अट फिटली, म्हणून अट न्याय्य ठरत नाहीं. कित्येकजणी अशा अटीच्या दारावरूनच परतल्या असतील. त्यांची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं.

एका वर्षाच्या संशोधनक्रमास विरोध करणारे म्हणतात कीं, एवढ्या काळांत केवळ हजेरी होते. हा पूर्वपक्ष निराधार नाहीं. रदरफोर्डचें १८९४ सालचें काम १८९३ च्या प्रयोगांवर उभें होतें. आधींची तयारी नसती तर तें वर्ष उपकरणें जमविण्यांतच गेलें असतें. प्रश्न एका बैठकींत सांगतां येईल इतका नेमका होता, आणि साधन त्याच्या स्वतःच्या हातचें होतें. ज्या महाविद्यालयांत चौथ्या वर्षाचें संशोधन केवळ कागदावर असेल, तेथें पांचवें वर्षहि कागदावरच राहील. जेथें तें खरें असेल, तेथें एक वर्ष थोडें नाहीं.

शेवटीं इतिहासाच्या अभ्यासकाची एक मागणी. या नव्या क्रमांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें कोणता प्रश्न घेतला, कोणतें साधन रचिलें आणि काय मोजलें, याची चार ओळींची नोंद विद्यापीठांनीं दरसाल छापावी. क्राइस्टचर्चचा निबंध छापला गेला म्हणून त्या तळघरांतील वर्षाचा हिशेब आज देतां येतो. आपल्या प्रयोगशाळांतील वर्षांचाहि तसाच देतां आला पाहिजे.