तेरा जनुकं आणि एक कुपी

मागच्या आठवड्यात मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, आत पांढरी भुकटी, लेबलवर ‘मॉट्स-सी’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’. सोबत प्रश्न : ‘दादा, जिममधला एकजण म्हणतो याने चरबी उतरते. टोचून घेऊ का?’

उत्तर द्यायला मला थेट १९८१ मध्ये जावं लागलं.

त्या वर्षी केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेने माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाचा अख्खा डीएनए वाचून काढला. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली वीजघरं. त्यांचा स्वतःचा चिमुकला डीएनए असतो, तोही आईकडून आलेला. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं, त्यातली प्रथिनं बनवणारी फक्त १३. हा तेराचा आकडा पाठ्यपुस्तकांत असा घट्ट बसला की उरलेल्या जनुकांत आणखी काही दडलं असेल, असं फारसं कुणाला वाटलंच नाही.

मग २००१. टोकियोच्या केइओ विद्यापीठात इकुओ निशिमोतो यांचा गट अल्झायमरवर काम करत होता. या आजारात मेंदूचा मागचा भाग त्यामानाने शाबूत राहतो. का? अशा एका रुग्णाच्या मेंदूच्या त्या भागातून त्यांना २४ अमिनो आम्लांचा एक तुकडा मिळाला, चेतापेशींना वाचवणारा. नाव ठेवलं ह्युमॅनिन. त्याचा मजकूर जुळला तो मायटोकॉन्ड्रियातल्या अशा जनुकाशी, जिथे प्रथिन बनतच नाही असं सगळे धरून चालले होते! शंका घेणारेही होते, आणि त्यांची शंका रास्त होती. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या नकला केंद्रकातही विखुरलेल्या असतात. मग हा तुकडा नक्की कुठला?

मला यातली गंमत ही वाटते की वजन कमी करायला इथे कुणी निघालंच नव्हतं.

चरबी गोष्टीत आली २०१५ मध्ये. कॅलिफोर्नियात चांगहान ली आणि पिंचस कोहेन यांच्या गटाला शेजारच्याच जनुकात १६ अमिनो आम्लांचा मॉट्स-सी सापडला. तुपकट खाणं देऊनही, हे टोचलेले उंदीर इतरांइतके लठ्ठ झाले नाहीत. साखरही आटोक्यात राहिली. उंदीर, बरं का. माणसांवर पुढे छोटी चाचणी झाली, तीही मूळ मॉट्स-सीची नाही, त्यात फेरफार करून बनवलेल्या रेणूची. सुई टोचल्या जागी त्रास झाल्याने ती मधे थांबवावीही लागली होती. खेळाडूंसाठी मॉट्स-सी प्रतिबंधित यादीत आहे. औषध म्हणून अमेरिकेत त्याला मंजुरी नाही.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. म्हटलं, लेबल नीट बघ, बनवणाऱ्याचं नाव काय आहे? बराच वेळ शोधलं त्याने. नाव नव्हतं.

‘पण दादा, साडेचार हजार दिलेत रे.’

कुपी सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे.