विक्रम : एक नाव आणि आपली घरे

गुढीपाडव्याला आपण नवे पंचांग उघडतो तेव्हा त्यावर दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात : एक शालिवाहन शकाचा, दुसरा विक्रम संवताचा. दोहोंत 135 वर्षांचे अंतर. पुण्या-सातारच्या घरात दुसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. आपण मात्र उज्जैनचे. शेजारच्या घरचे सारे सण, मुहूर्त आणि लग्नपत्रिका संवताने चालतात, आणि आपल्या पूजेच्या संकल्पात शालिवाहन शकाचा उच्चार होतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण या दोन्ही गणनांत राहिलो आहोत. त्या दुसऱ्या आकड्याला ज्याचे नाव आहे, त्या विक्रमाचे नाव आपल्या पाळण्यापर्यंत कधी आणि कसे पोहोचले, हा या निबंधाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, चालणे. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागला की लांब, व्यापून टाकणारे पाऊल असा अर्थ होतो. ऋग्वेदात विष्णूच्या तीन पावलांसाठी हाच धातू येतो, आणि पुढे वामनावताराला त्रिविक्रम हे नाव मिळाले ते त्यातूनच. म्हणजे मूळ शब्दात तलवार नाही, चालणे आहे. जो पुढे पाऊल टाकतो तो शूर, म्हणून पराक्रम हा अर्थ नंतर आला आणि तोच रूढ झाला. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ या नाटकाचा नायक पुरूरवा आहे, विक्रम नावाचा कोणी नाही. तिथे विक्रम म्हणजे पराक्रमच.

राजांच्या बाबतीत हे नाव बराच काळ बिरुद म्हणून वावरले. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने विक्रमादित्य हे बिरुद घेतले. ते त्याच्या नाण्यांवर आहे. दक्षिणेत बदामीच्या आणि पुढे कल्याणीच्या चालुक्यांत अनेक विक्रमादित्य झाले. त्यांतील सहाव्याने 1076 साली गादीवर येताच शक संवत बाजूला सारून स्वतःच्या नावाचा चालुक्य-विक्रम संवत सुरू केला. आपण ज्याला विक्रम संवत म्हणतो, त्याची कथा याहून गमतीची आहे. इसवी सनापूर्वी 57 पासून मोजल्या जाणाऱ्या या गणनेला जुन्या शिलालेखांत ‘कृत’ म्हटले आहे, मग ‘मालव’ म्हटले आहे. आपल्या शेजारच्या मंदसौरच्या पाचव्या शतकातील प्रसिद्ध लेखातही मालवगणांचेच नाव आहे. विक्रमाचे नाव या गणनेला जोडलेले दिसते ते नवव्या शतकातील लेखांपासून. संवत आधी आणि त्याचे नाव नंतर, असा हा क्रम आहे. म्हणून इतिहासकारांमध्ये विक्रमादित्य नेमका कोण यावर वाद चालू राहिला. या नगरीने मात्र तो वाद कधी मनावर घेतला नाही. हरसिद्धीच्या देवळात विक्रमाने आपले मस्तक वारंवार देवीला अर्पण केले, ही कथा इथे आजही सांगितली जाते.

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांबरोबर मराठी माणसे या नगरीत स्थिरावली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून महाकाळाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. 1810 साली दौलतरावांनी आपले ठाणे ग्वाल्हेरच्या लष्करला नेईपर्यंत उज्जैन हेच शिंद्यांचे मुख्य ठिकाण होते. या काळातील नावे आठवून पाहा. शिंद्यांत राणोजी, जयाप्पा, दत्ताजी, महादजी, जनकोजी, दौलतराव. होळकरांत मल्हारराव, खंडेराव, तुकोजी, यशवंतराव. धार आणि देवासच्या पवारांत उदाजी, आनंदराव, तुकोजी, जिवाजी. हे सारे विक्रमाच्या माळव्यात राज्य करीत होते. धारचे आणि देवासचे पवार तर आपला वंश परमारांशी, आणि त्या मार्गाने थेट विक्रमादित्याशी जोडत. तरी या गाद्यांवर त्या शतकात एकही विक्रम बसला नाही.

याचे कारण आपल्या बारशाच्या रीतीत सापडते. मुलाचे नाव आवडीने निवडायचे, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. दिवंगत आजोबांचे नाव नातवाला जाई. नाही तर कुलदैवताचे नाव ठेवत : खंडोबावरून खंडेराव, मल्हारी मार्तंडावरून मल्हारराव, जोतिबावरून जोतिबा. मुलाला हाक मारता मारता देवाचे नाव मुखी यावे, हा हेतू. ज्या नावाचा पूर्वज घरात नाही आणि देव देव्हाऱ्यात नाही, ते नाव पाळण्यात येण्याला वाटच नव्हती. शिवाय दंतकथेत आपण विरुद्ध पक्षाचे. पैठणच्या शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकून विक्रमाला हरवले, आणि नर्मदेच्या दक्षिणेला शालिवाहनाचा शक, उत्तरेला विक्रमाचा संवत अशी वाटणी झाली, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी बरोबर आणली होती. नर्मदा ओलांडून आल्यावरही त्यांनी आपला शक सोडला नाही.

पण नाव पाळण्यात नसले तरी घरात होते. 1814 साली सेरामपूरला मराठीतील सर्वांत जुन्या छापील पुस्तकांपैकी एक निघाले, ते ‘सिंहासनबत्तिशी’. 1819 च्या ‘नवनाथ भक्तिसारा’त भर्तरीबरोबर विक्रम येतो. वेताळपंचविशी घरोघर सांगितली जाई. आणि या सर्वांहून जवळचे ‘शनिमाहात्म्य’. शनिवारी वाचल्या जाणाऱ्या या पोथीचा नायक उज्जैनीचा राजा विक्रमच. भर सभेत त्याने शनीची थट्टा केली, साडेसातीने त्याला गाठले. घोड्याने रानात नेले, परक्या गावात चोरीचा आळ आला, हातपाय तोडले गेले, आणि राजा तेल्याच्या घाण्यावर बसला. साडेसाती सरल्यावर शनी प्रसन्न झाला तेव्हा त्याने मागितले ते हेच की, मला छळलेस तसे दुसऱ्या कोणाला छळू नकोस.

मराठी घरातला विक्रम हा असा आहे. वाचकहो, शेजारच्या संवतातला विक्रम शकांना जिंकणारा आहे. आपल्या पोथीतला विक्रम सर्वस्व गमावून दुसऱ्यासाठी मागणारा आहे. ज्याचे दुःख दर शनिवारी मोठ्याने वाचायचे, त्याचे नाव तान्ह्या मुलाला ठेवताना आजीचा जीव कचरला असेल, तर त्यात नवल मानू नये.

मग बदल झाला तो कसा? पहिली ठळक खूण आपल्या शेजारीच, देवासला सापडते. देवास थोरली पाती येथील तुकोजीराव तिसरे आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब यांना 1910 साली पुत्र झाला, त्याचे नाव विक्रमसिंह ठेवले गेले. परमारांचा वारसा आता पाळण्यातून बोलू लागला. 1937 साली हे विक्रमसिंहराव देवासच्या गादीवर आले. पुढे 1947 साली ते कोल्हापूरला दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले. माळव्यातले नाव नर्मदेच्या उत्तरेला राहिले आणि दक्षिणेत पूर्वजांचे नाव मिळाले. जुनी रीत किती चिवट होती, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

सामान्य घरांत हे नाव रुळले ते नवशिक्षणामुळे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाने मुलांपुढे नवे पूर्वज उभे केले. ब्राह्मी लिपी 1837 साली प्रिन्सेपने उलगडली तेव्हा विस्मरणात गेलेला अशोक पुन्हा माहीत झाला, आणि शंभर वर्षांच्या आत अशोक हे मराठी घरातले नित्याचे नाव झाले. विक्रमाचेही तसेच झाले. त्यात 1943-44 च्या सुमारास संवताला दोन हजार वर्षे झाल्याचा उत्सव आला. उज्जैनचे पंडित सूर्यनारायण व्यास यांनी ‘विक्रम’ मासिक चालवले आणि या उत्सवासाठी जिवाचे रान केले. ग्वाल्हेर दरबारच्या आश्रयाने ‘विक्रम-स्मृति-ग्रंथ’ निघाला. 1945 साली पृथ्वीराज कपूर पडद्यावर विक्रमादित्य झाले. 1957 साली विद्यापीठालाही हेच नाव मिळाले. पारतंत्र्याच्या शेवटच्या वर्षांत परकीयांना हरवणाऱ्या राजाचे नाव आईबापांना हवेसे वाटणे साहजिक होते. ‘आदित्य’ आणि ‘सिंह’ गळाले. हाक मारायला सुटसुटीत ‘विक्रम’ उरले, आणि लाडाने ‘विकी’ झाले.

मराठीत या नावाला आणखी एक अर्थ चिकटला. आपली वर्तमानपत्रे खेळातील उच्चांकाला ‘विक्रम’ म्हणतात. तो होतो, मोडतो, नोंदवला जातो. आपले हिंदी भाषक शेजारी त्याला कीर्तिमान म्हणतात. त्यामुळे या नावात मराठी कानाला जो स्पर्धेचा सूर ऐकू येतो, तो शेजाऱ्याला येत नाही.

पुढची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची आहे. ‘चांदोबा’तला खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, रंगभूमीवरचे विक्रम गोखले, 1985 ची दूरदर्शनवरील ‘विक्रम और बेताल’ मालिका, यांनी नाव घरचे केले. इतके घरचे, की उत्तरेतल्या गावांत प्रवासी कोंबून धावणारा तीनचाकी टेम्पोही विक्रमच. 2023 साली चंद्रावर उतरलेल्या यानाचे नाव विक्रम साराभाईंवरून आहे. पण आता बारशाला बोलावले तर ताटातल्या तांदळात दोन अक्षरी, कोमल उच्चाराची नावे लिहिलेली दिसतात. विक्रम हे नाव आता काकांचे, मामांचे झाले आहे.

याची खंत करण्याचे कारण नाही. नावे येतात, मागे पडतात. महादजी आणि राणोजी मागे पडले, तसेच हेही. जपायचे ते वेगळे आहे. ज्यांचा शक पैठणचा आणि कुलदैवत जेजुरीचे, त्यांनी सुमारे दोनशे वर्षांनी या नगरीच्या राजाचे नाव आपल्या मुलांना दिले, तेव्हा आपण इथले झालो याची ती कबुली होती. कोणत्याही दस्तऐवजात ती नोंदलेली नाही. आपल्या घरातील वंशावळीत मात्र आहे. आपल्या वंशावळीत पहिला विक्रम, अशोक किंवा अवंती कोणत्या पिढीत येते, ते काढून पाहा, त्यासमोर साल लिहा, आणि ते नाव कोणी सुचवले हे सांगणारे माणूस हयात असेल तोवर विचारून घ्या. आणि नाव ज्याचे आहे, त्या काकांना सांगा की त्याचा पहिला अर्थ विजय नव्हे, पुढचे पाऊल असा आहे.