तडा की सावली?



माणसाला जे दिसते ते सर्वस्वी त्याच्या डोक्यातले असते, की भोवतालचे जगही त्यात सामील असते? प्रश्न तत्त्वज्ञांचा खरा. पण आमची त्याच्याशी गाठ पडली ती एका कारखान्यातील चौकशीत. बिडाच्या चाकावरची काळी रेघ एका फिटरने सावली समजून सोडून दिली. तो तडा निघाला. ‘नजरेचा दोष’ असा शेरा पडून त्याला कामावरून काढले. त्या खात्यात वर्षानुवर्षे एकच मंद दिवा होता आणि चाकांवर तशा सावल्या रोज पडत, हे कोणी लिहून घेतले नाही.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे वाचनालयात झाले. तेथे कळले की, हीच जोडी विद्वानांच्या वादातही उभी आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ डेव्हिड मार १९८० मध्ये वारले. त्यांचा ‘व्हिजन’ हा ग्रंथ १९८२ मध्ये निघाला. डोळ्यांत शिरलेल्या उजेडावरून वस्तूचा आकार कसा उमगतो, याचे गणित त्यांनी मांडले. हे गणित डोक्यातल्या डोक्यात पुरे होते, असे काहींनी मानले. १९८६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ टायलर बर्ज यांनी त्याला हरकत घेतली. पृष्ठभाग बहुधा सलग असतात, अशा जगातल्या गोष्टींवर ते गणितच विसंबून आहे. त्यांनी दोन जगे कल्पिली: एकात बारीक रेघा बहुधा सावल्यांच्या, दुसऱ्यात तड्यांच्या. दोन्हीकडचा माणूस देहाने हुबेहूब सारखा, डोळ्यांत शिरणारा उजेडही तोच. तरी एकाला सावली दिसते, दुसऱ्याला तडा. पहिल्यापुढे क्वचित तडा आलाच, तर तोही त्याला सावलीच दिसेल.

१९८९ मध्ये गॅब्रिएल सीगल यांनी उत्तर दिले: दोघांनाही एकच दिसते, तडा आणि सावली या दोहोंना लागू पडेल अशी एक बारीक खूण.

हे तत्त्वज्ञ कोणाच्या अपराधाचा निवाडा करीत नाहीत. पुढचे पाऊल आमचे आहे. सीगल यांचे मानले, तर फिटरच्या डोळ्यांनी चूक केलीच नाही. बर्ज यांचे मानले, तर चूक झाली. पण ती त्या मंद दिव्याखाली घडलेल्या नजरेची. आम्हाला बर्ज अधिक पटतात. परंतु कोणाचेही मानले, तरी ‘नजरेचा दोष’ एवढे लिहून चौकशी पुरी होत नाही. डोळे तपासणाऱ्याने तो दिवाही तपासला पाहिजे.