दप्तर सांभाळणारे

आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा १९०४ सालचा, पण तो पतसंस्थांपुरता. १९१२च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी झाली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. आपण ज्याच्याखाली नोंदलेले आहोत तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चा. सभासदांचे 'आय' आणि 'जे' रजिस्टर ठेवा, इतिवृत्त लिहा, दरवर्षी ऑडिट करून घ्या, हे सगळे नियमांत आहे. पण रात्री जेवणानंतर बसून ते लिहायचे कोणी? ते मानद पदाधिकाऱ्यांच्या गळ्यात. मानद म्हणजे बिनपगारी!

मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत एक दफ्तरी असे. दिवसाची व्हाउचरे क्रमाने लावायची, दाभणाने शिवायची, तारीख घालून रेकॉर्डरूममध्ये ठेवायची. आम्ही क्लार्क मंडळी त्याला फारसे मोजत नसू. पण ऑडिटरने सहा वर्षांपूर्वीचे व्हाउचर मागितले की मॅनेजरसाहेबसुद्धा त्याच्याच तोंडाकडे बघत.

हे डोळ्यांनी पाहूनही मी चुकलोच. आपल्या पहिल्या खजिनदारांनी (ते आज हयात नाहीत) पत्र्याच्या दोन ट्रंका भरून कागद जमवले होते. प्रत्येक फ्लॅटच्या कराराची झेरॉक्स, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती. त्यासाठी ते दारोदार फिरत आणि लोक वैतागत. मीटररूममधल्या त्या ट्रंका रद्दीत काढा, असे कमिटीत मीच म्हणालो होतो. ते एवढेच म्हणाले, "राहू द्या साहेब, कुणाला अडचण होत नाही."

मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आपल्या बिल्डरने ती दिलीच नाही. शेवटी मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, अर्ज करायचे ठरले, तर निम्म्या लोकांना स्वतःचा इंडेक्स टू सापडेना. ट्रंका उघडल्या. कागदांचे कोपरे झुरळांनी खाल्लेले, पण फ्लॅट नंबरप्रमाणे एकूण एक फाइल जागेवर! आज जमीन आपल्या नावावर आहे. तो आदेश निघाला तेव्हा पेढे द्यायला मी त्यांच्या घरी गेलो, फोटोसमोर ठेवून आलो.

गेल्या सर्वसाधारण सभेत खजिनदारपदासाठी एकही हात वर झाला नाही, म्हणून या वयात मीच बसलो आहे. ट्रंकांतल्या फायली आता ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहेत. संध्याकाळी सातनंतर मी तिथे असतो. तरुण मंडळींपैकी कुणी शिकायला आले तर चहा माझ्याकडून.