मराठी ग्रंथांचे घर : ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा घरात जपली; परंतु तिचे ग्रंथ कोठे जपावेत, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी शाळेपुढे उभा राहतो. नवल असे की, एके काळी तो खुद्द महाराष्ट्रातही होता.

तेथे ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. पुण्याचे १८४८ चे, लोकहितवादींच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले. मात्र आरंभी त्यांची ओळख 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशी होती आणि तेथील कपाटांत मानाचे स्थान इंग्रजी ग्रंथांना असे. मराठीत संग्रह करण्याजोगे आहे तरी काय, असे मानणारे विद्वान त्या काळी थोडे नव्हते.

त्यांना ठाण्यासारख्या लहानशा गावाने उत्तर दिले. १ जून १८९३ रोजी तेथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे होते. वय जेमतेम एकवीस, शिक्षण विज्ञानाचे, पुढे व्यवसाय मिठागरांचा! केवळ मराठी ग्रंथ जमवावयाचे आणि मिळतील तितके सर्व जमवावयाचे, हा संकल्प. बरेवाईट ठरविण्याची घाई त्यांनी केली नाही, यातच मला त्यांचे शहाणपण दिसते. निवडून ठेवणारा आपल्या काळाची आवड तेवढी जपतो. सरसकट ठेवणारा पुढच्या संशोधकाची सोय करतो. पुढे भावे यांनीच 'महाराष्ट्र सारस्वत' हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध केला. १८९८ मध्ये मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले.

१९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचा आधार मिळाला. तो राज्याच्या सीमेपर्यंतच. आपल्या छत्तीसगडात १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. मूळ मराठी ग्रंथ जपण्याचे काम उरले ते आपल्याकडे.

निवृत्तीनंतर पुष्कळ कुटुंबे भिलाई सोडतात आणि सामान आवरताना प्रथम रद्दीत जातात ती पुस्तके. माजी विद्यार्थ्यांना विनंती, ती शाळेच्या ग्रंथालयाकडे द्यावीत. कादंबऱ्या द्याव्यात, तसे जुने दिवाळी अंक, पाककृतींची पुस्तके, सुटी पाने झालेल्या पोथ्याही. पहिल्या पानावरील नावे व भेटीच्या तारखा कृपया खोडू नयेत.