एका बुडबुड्याचा इतिहास

लहानपणी म्हापशात आमच्या घराजवळ एक गॅरेज होते. गाडीखाली आडवा झालेला मेस्त हाक द्यायचा, "दाब!" पेडलवर पाय ठेवून बसलेला पोर ओरडायचा, "दाबला!" मग "धर", मग "सोड". तासभर हा पाठ चाले. काय चाललेय म्हणून विचारले तर एकच उत्तर मिळे, "हवा काढतात." ही हवा गाडीत शिरली कुठून, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

वाचकहो, त्या हवेची गोष्ट सुरू होते सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कालने मांडले. त्याचा ग्रंथ छापला गेला १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत माल्कम लॉकहीडने ते तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावले आणि १९२१ मध्ये डुसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना तसे ब्रेक आले.

क्लचची पाळी नंतर आली. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्याचेच उदाहरण घ्या. १९४५ च्या 'टीसी' या स्पोर्ट्स कारचे ब्रेक द्रवावर चालत, क्लच मात्र यांत्रिक जोडणीचा होता. १९५५ च्या 'एमजीए'मध्ये क्लचही द्रवावर आला. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या 'एमजीबी'ने तीच रीत चालवली. रबरी बैठकीवरचे इंजिन सतत हलत असते. मध्ये लवचीक नळी असली की ते हलणे पेडलपर्यंत येत नाही.

पण पास्कालचा नियम पाळतो तो द्रव. हवा दबते. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पायाचा जोर तो दाबण्यातच खर्च होतो, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतो. म्हणून गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरच्या निपलला नळी लावून तिचे टोक द्रवाच्या बाटलीत बुडवायचे. पेडल दाबल्यावर निपल उघडायचे आणि पेडल सोडण्याआधी बंद करायचे. क्रम चुकला तर बाहेर काढलेली हवा पुन्हा आत. वरची टाकी रिकामी झाली तरी तेच.

आपण त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते तेल नव्हेच. खरे तेल घातले तर आतली रबरी वायसरे फुगून निकामी होतात. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो, त्या ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो, गंजाने रबर झिजते आणि तिथून हवा शिरते. आमच्या पावसाळी गोव्यात मेस्ताला काम का पुरत होते, याचे उत्तर हे असे.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. त्याच्या गाड्या मात्र आजही चालतात. आता हवा ओढून घेणारा पंप मिळतो, एकटा माणूस हे काम उरकतो. पण पेडलवर बसलेल्या त्या पोराची ती पहिली शाळा होती. पास्काल, ब्रामा, लॉकहीड यांची नावे पुस्तकांत आहेत. त्या पोराचे नाव मला आठवत नाही, "दाबला!" हा आवाज तेवढा आठवतो.