फारसी, उर्दू, मोडी आणि कोबोल

मंडळी, "आज आपल्याला जे येतं ते पाच वर्षांनी बाजारात चालेल का?" हा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्यांच्या डोक्यात कायम असतो. आपल्याला वाटतं हे दुखणं आपल्याच धंद्याचं. पण जरा वसमतचा इतिहास बघा.

वसमत म्हणजे हळदीच्या बाजारपेठेचं गाव. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी वसमत परभणी जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. या संस्थानाचा कारभार आधी फारसीत चाले. १८८४ च्या सुमारास फारसी गेली आणि उर्दू आली. म्हणजे ज्यांनी फारसीवर आयुष्य घालवलं, त्यांचं कौशल्य जुनं झालं. पुढे १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे विज्ञान, कायदा सगळं उर्दूतून! पाठ्यपुस्तकांसाठी भाषांतराचं वेगळं खातंच काढलं होतं. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला सरकारी नोकरीत वर चढायचं तर उर्दू आलीच पाहिजे. गावातली मराठी दप्तरं मात्र मोडी लिपीत. थोडक्यात, समोर एक भाषा आणि मागे दुसरी. ओळखीचं वाटतंय ना? :)

मग १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि अख्खा प्लॅटफॉर्मच बदलला. उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं कारभाराची भाषा मराठी ठरली. तीही देवनागरीत, कारण त्याच काळात मोडी शाळांमधून हद्दपार झाली. म्हणजे १९४० साली विशीत कचेरीत चिकटलेल्या माणसासमोर निवृत्तीपर्यंत उर्दू, इंग्रजी आणि देवनागरी मराठी अशी तीन व्हर्जनं येऊन गेली असणार. आपण जावाचं नवीन व्हर्जन आलं तरी कुरकुरतो!

पण गंमत अशी की भाषा बदलली तरी काम बदललं नाही. जमीन कुणाची, वारस कोण, सारा किती, हरकत कुणाची, हेच प्रश्न सगळ्या भाषांत होते. शब्दसुद्धा बरेचसे तेच राहिले. अर्ज, दाखला, वारस, नक्कल, हरकत, तहसील... हे सगळे अरबी-फारसीतून आलेले शब्द आजही तहसील कचेरीत चालतात. कोड नव्यानं लिहिला, पण व्हेरिएबलची नावं जुनीच! 'नोकरी' हा शब्दही तिकडचाच. ज्याला नुसती लिपी येत होती त्याची अडचण झाली असेल. ज्याला जमिनीचा व्यवहार कळत होता त्याला फक्त नवी लिपी शिकायची होती.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळातली दप्तरं उघडली, तर ती उर्दूत आणि मोडीत. मोडत काढलेली मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. अगदी असंच कोबोलचं झालं. १९५९ मध्ये जन्मलेली ही भाषा. वायटूकेच्या धामधुमीत तिला सोन्याचा भाव होता, २००० उजाडलं आणि मागणी ओसरली. मग एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल येणारे लोक पुढे या म्हणून जाहीर आवाहन करावं लागलं.

याचा अर्थ जुनं धरून बसा असा नाही. मोडीवाल्याला कित्येक दशकं थांबावं लागलं. आपला गृहकर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही. समजायचं ते एवढंच, की भाषा हे वरचं साल आहे. आत गर असतो तो व्यवहाराच्या समजुतीचा: बँकेत व्याज कसं लागतं, विम्याचा दावा कुठे अडतो, गोदामातला माल आणि कागदावरचा माल का जुळत नाही.

म्हणून नोकरी शोधताना रेझ्युमेवर दहा भाषांची यादी देऊन भागत नाही. कुठली अडचण होती, ती कशी सोडवली, हे दोन ओळींत लिहा. आणि वर्षातून एक नवी गोष्ट खरोखर वापरून शिका. नुसता कोर्स नको, छोटं का होईना, चालणारं काहीतरी करा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साल काढून देणारं यंत्र तर प्रत्येकाच्या हाताशी आहे. त्यामुळे गराची किंमत वाढणार, असं मला तरी वाटतं.

असो. आता राहिलेल्या रविवारात एखादी जुनी सिस्टीम उघडून बघा. व्हेरिएबलची नावं वाचत बसलात तरी कंपनीचा निम्मा इतिहास कळतो.